नियम किती असावे?
आज धरमपेठेत मित्राकडे दुपारभर स्टार फ्लीट बॅटल्स हा अंतराळ-जहाजांच्या लढाईचा बोर्ड गेम खेळलो. 1979 चा गेम, एका टर्नचे 32 इम्पल्स म्हणजे छोटे तुकडे, आणि टर्नच्या सुरुवातीलाच इंजिनची पॉवर शिल्ड, शस्त्रं, स्पीडमध्ये वाटून फॉर्मवर लिहायची, म्हणून प्रत्येक निर्णय खरंच जड वाटतो भाऊ, पण नवीन पोरगं थकून जाते. फुल थ्रस्ट या अशाच लढाईच्या दुसऱ्या गेममध्ये सगळे गुपचूप ऑर्डर लिहितात, जहाजं एकदमच हलतात, बस, आणि तरी स्वतःचं जहाज डिझाइन करता येते! मला वाटते मोकळीक जहाज बनवतानाच द्यावी. टेबलवरच्या प्रत्येक जादा नियमानं खेळाडूला काहीतरी निवडायला लावलं पाहिजे, नुसता तक्ता बघायला लावणारा नियम काढूनच टाका ना. पुढच्या रविवारी डॅमेजचा तक्ता अर्धा करून खेळणार आहोत, कोणाला यायचं असेल तर सांगा.