जुन्या पिकअपचा जाम झालेला सीटबेल्ट, माझा अनुभव

आमच्या अण्णांची पिकअप 2008 ची, कित्येक वर्षं लासलगावला कांदा वाहतेय. ड्रायव्हर साईडच्या बेल्टला दोन रोग होते, एक तर सोडला की परत आत जायचाच नाही, दाराशी लोंबत राहायचा आणि दार लावलं की त्यात चेंबायचा, आणि दुसरं म्हणजे मळ्याच्या खड्या चढावर गाडी उभी असली की कितीही ओढा, जाम. शेवटी अण्णांनी बेल्ट सीटमागे टाकून दिला, मला ते बघवेना. गॅरेजवाले म्हणाले लॉक गेलंय. म्हटलं आधी खोलून तर बघू.

खालचं प्लास्टिक कव्हर काढलं, बोल्ट गंजलेला, रात्रभर तेल सोडून ठेवलं तेव्हा कुठे 17 च्या पान्याने हलला. बेल्ट ज्यावर गुंडाळला जातो ते रीळ ओट्यावर आडवं ठेवून पट्टा ओढला तर इंचभरही येईना. मलाही वाटलं, गेलं कामातून. मग उचलताना ते गाडीत बसलेलं असतं तसं उभं धरलं गेलं, आतून टिक असा बारीक आवाज आला आणि पट्टा सुळकन बाहेर! तिरकं केलं की जाम, उभं धरलं की मोकळं. पाच-सहा वेळा करून बघितलं, मग डोक्यात प्रकाश पडला की हे लॉक बिघडलेलं नाहीच, ते त्याचं काम करतंय.

होतं काय, रिळाच्या बाजूला छोट्या वाटीत एक लोखंडी गोळी असते. जोरात ब्रेक लागला की ती वाटीच्या काठावर चढते, वरची बारकी पट्टी उचलते, ती दातेरी चाकात अडकते आणि रीळ जागेवर थांबतं. गोळीला ब्रेक आणि उतार यातला फरक कळत नाही, तिरकं झालं तरी ती सरकणारच. युरोपच्या सीटबेल्टच्या आर 16 नियमात तर आकडेच आहेत, 12 अंशांपर्यंत तिरकं झालं तर लॉक व्हायला नको आणि 27 च्या वर गेलं की व्हायलाच पाहिजे. दुसरं लॉक हिसक्याचं, पट्टा झटकन ओढला की रिळासोबतची जड चकती मागे राहते आणि तेवढ्या फरकाने दाता बाहेर येऊन अडकतो. यात वायरिंग काही नाही, त्यामुळे बॅटरी काढलेली असली तरी चालतं. (नवीन गाड्यांत रिळाला अपघातात पट्टा झटकन आवळणारा बारूदवाला टेन्शनर असतो, त्याला मात्र घरी हात लावू नका.)

आत न जाण्याचं कारण वेगळंच निघालं. पट्टा गुंडाळणारी स्प्रिंग घड्याळासारखी गोल आणि मुद्दाम नरम असते, छातीवर दाब नको म्हणून, त्यामुळे थोड्या मळानेही ती हरते. वरच्या खांबावरच्या कडीत घाम आणि धुळीचा काळा मेणचट थर होता, नखाने खरवडला तर निघाला, आणि रीळ झटकल्यावर कांद्याची वाळकी सालपटं पडली. कडी पुसून काढली, पट्टा पूर्ण ओढून चिमट्याने धरून ठेवला आणि साध्या साबणाने कोमट पाण्यात ब्रशने धुतला, दिवसभर सावलीत सुकवला. रिळात तेल टाकलं नाही, धूळ धरते. स्प्रिंगचं झाकणही उघडलं नाही, ती एकदा उसळली की परत बसवणं अवघड.

पट्टा सरसर आत जायला लागला. पण धुतल्यावर दिसलं की दारात चेंबून चेंबून एका कडेचे धागे तुटलेत, बोटभर लांब. असा पट्टा ऐनवेळी तिथूनच फाटणार, म्हणून नवीन घ्यायचाच ठरवला. जुन्या बाजारातला नको, तो अपघातात ताणला गेलेला असला तर वरून कळत नाही. दुकानात पहिला जो दिला तो आमच्या खांबाच्या कोनात धरून बघितला तर लॉक, म्हणजे दुसऱ्या गाडीचा. तिसरा बरोबर निघाला. बसवल्यावर हिसका देऊन बघितला, मग मोकळ्या रस्त्यावर 20 च्या स्पीडला ब्रेक मारून बघितला, दोन्ही वेळा धरला.

जुना पट्टा मधोमध कापून मगच भंगारात दिला, दुसऱ्या कुणाच्या गाडीत जायला नको.