निवृत्तिनाथांच्या पालखीत नाथपंथाची वाट

ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरीकडे निघते. मागे ब्रह्मगिरी असतो. त्या डोंगरातल्या गुहेत नाथपंथ या योगसाधकांच्या पंथाचे गुरू गहिनीनाथ यांनी निवृत्तींना उपदेश केला, अशी परंपरा आहे. मुखी 'रामकृष्णहरी' असलं तरी आम्ही नाथांच्या घरूनच निघालेलो असतो.

पहाटे काकडा, वाटेत वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. सिन्नरपुढे पाऊस विरळ होतो आणि नगरकडचं ऊन लागतं. पायाला फोड येतात ते मात्र आधीच्या ओल्या मोज्यांमुळे, कारण भिजलेली कातडी मऊ पडून घासते. फोडातलं पाणी तापवलेल्या सुईने काढावं, वरची साल ओढू नये. उघड्या जखमेत धूळ जाते.

विसाव्याला बोलणं ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर येतंच. 1290 साली मराठीत सांगितलेला हा ग्रंथ आसनाचं मापसुद्धा देतो. गुद आणि शिश्न यांच्यामध्ये चार बोटांची जागा. दोन्ही कडांना दीड-दीड बोट सोडायचं आणि मधल्या एका बोटावर उजवी टाच दाबायची. डावा पाय वर. हा मूळबंध, म्हणजे खालचं कुलूप. हनुवटी कंठाच्या खळगीत रुतली की जालंधर, बेंबी आत खेचून पोट सपाट झालं की वोढियाणा. खालून कोंडलेला अपान, म्हणजे एरवी खाली वाहणारा वायू, उलटून वर चढतो, त्याच्या धगीने साडेतीन वेढे घालून निजलेली शक्ती, कुंडलिनी, जागी होते. पोथी वाचून काही जण टाच सोडून थेट श्वास कोंडायला बसतात. अपान खाली मोकळाच राहतो, हाती येते ती डोकेदुखी.

'पिंडें पिंडाचा ग्रासु', म्हणजे देहानेच देह गिळणं, हा नाथांचा गुप्त संकेत. ज्ञानदेव म्हणतात, श्रोते ग्राहक आहेत हे ओळखून मी हे गाठोडं सोडलं, घडी झटकून दाखवली. मला हा मराठीतला सर्वांत धाडसी क्षण वाटतो.

या विद्येचा आदिपुरुष मत्स्येंद्र. इसवी सन 1000च्या सुमारास काश्मीरच्या अभिनवगुप्ताने तंत्रालोक या आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्याला वंदन केलं आहे. त्याचा मार्ग कौल, म्हणजे शक्तीच्या तांत्रिक उपासनेचा, योगिनींचा. त्याचा शिष्य गोरक्ष, त्याच्या नावाने पुढे चालला तो मार्ग हठयोग आणि ब्रह्मचर्याचा. या मार्गातल्या कानफाट्या योग्यांच्या दीक्षेत कानाची मधली कूर्चा चिरून कुंडल घालतात. गहिनींनी मात्र निवृत्तींना कृष्णभक्ती दिली. म्हणून वारकरी नाथांपासून तुटले, हे म्हणणं मला पटत नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आदिनाथापासूनची, म्हणजे शिवापासूनची, गुरुपरंपरा नावानिशी आहे.

सहावा वाचणाऱ्याने बारावाही वाचावा. तिथे तेच ज्ञानदेव योगवाटेचे कष्ट एकेक करून सांगतात आणि भक्तीची वाट सोपी ठरवतात. या वाटेवर कान चिरायचा नाही, संसार सोडायचा नाही. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मद्य बंद, एकादशीचा उपवास आणि दरसालची वारी.