आधी बोललो, तिथेच चुकलो

मी चौदा वर्षं व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर म्हणून खेळलो, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा. लिफ्टरची नजर एका बाबतीत वाया गेलेली असते: त्याला चेंडू दिसायच्या आधी हात दिसतात. समोरच्या ब्लॉकरचा, म्हणजे नेटवर हात उभारून फटका अडवणाऱ्याचा, खांदा झुकला की चेंडू कुठे पडणार हे कळून जातं. गुडघ्याच्या लिगामेंटने मला घरी बसवलं, पण ती खोड गेली नाही. उलट तिच्यावरच पुढे पोट भरलं. जिल्हा स्पर्धेत माइकवरचा माणूस जेवायला म्हणून गेला तो परतलाच नाही. कुणीतरी मला ढकललं आणि तेव्हापासून मी बोलतोच आहे. आधी भोंग्यावर, मग केबलवर, आता मोबाईलवरच्या लाईव्हवर.

व्हॉलीबॉलचं बोलणं क्रिकेटसारखं नाही. तिथे ओव्हर संपली की गावगप्पा मारायला वेळ असतो. इथे पास, लिफ्ट, स्मॅश हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. प्रत्येक टच सांगायला गेलात तर जीभ मागे राहते. म्हणून रॅली चालू असताना फक्त शेवटचा फटका सांगायचा आणि बाकीचा हिशेब पुढच्या सर्व्हिसवर. पंचांची शिट्टी झाली की सर्व्हिस करायला खेळाडूला ८ सेकंद मिळतात. त्यातले चार-पाच सेकंद माझे. हे मी नव्या पोरांनाही शिकवतो. त्या दिवशी माझं मीच विसरलो.

मे महिना, गुहागर तालुक्यातली एक वाडी. चाकरमानी आलेले. शाळेच्या मैदानावर लाल मातीत चुन्याच्या रेषा, मागे सुरूची झाडं. दुपारी तीननंतर समुद्रावरून वारा सुटला, आणि इथला वारा हा सातवा गडी. टॉस जिंकलेला शहाणा कप्तान सर्व्हिस मागत नाही, बाजू मागतो. समुद्राकडे पाठ असली की लिफ्ट नेटवरून पलीकडे वाहून जाते, मग लिफ्टर ती मुद्दाम बुटकी ठेवतो. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा मात्र अजून जुन्याच हिशेबात, सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा त्या. दर चुकीला ओरडायचे, ‘‘सर्व्हिस गेली रे!’’ आता प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, हे त्यांना मी तीनदा सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हणूनच हल्ली सगळी घाई.’’

फायनल बंदरावरचा संघ आणि वरच्या वाडीत. माझं आजोळ बंदरावर, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. एक-एक सेट झाला, शेवटचा १५ चा. १३-१३. मिक्सर एकच, त्यामुळे मी लाईव्हवर बोलतो तेच मैदानावरच्या दोन भोंग्यांतून निघतं. चॅटमध्ये मुंबईची पोरं होती, कुवेतमधला एकजण होता. त्यांना सगळं थोडं उशिराच पोचतं. मैदानाला मात्र लगेच.

बंदरच्या स्मॅशरने चौथ्या नंबरवरून, म्हणजे नेटच्या डाव्या टोकावरून, फटका ओढला. चेंडू मागच्या रेषेपलीकडे चांगला हातभर पडला. पण वरच्या वाडीच्या ब्लॉकरची करंगळी मला हललेली दिसली. अगदी टोकाला, पान हलावं तशी. चेंडू तिला लागून बाहेर गेला असेल तर गुण बंदरचा. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘‘टच! टच आहे!’’

रेषेवर झेंडा घेऊन कॉलेजातला एक मुलगा उभा होता. त्याने झेंडा उभा वर केला होता, म्हणजे आऊट. भोंग्यातून माझा आवाज आला आणि त्याचा दुसरा हात वर जाऊन झेंड्याच्या टोकावर टेकला. म्हणजे टच. हे सगळं दोनशे माणसांनी पाहिलं.

मग जे व्हायचं ते झालं. ‘‘माइकवाला पंच झाला काय?’’ ‘‘ह्याचं आजोळ विचारा आधी!’’ एक चप्पल टेबलाजवळ येऊन पडली, नेम बरा होता. पहिले पंच म्हणजे आमच्या वेळचे पीटीचे सर. ते शिडीवरून उतरले, मुलाशी बोलले आणि सरळ माझ्याकडे आले. माइकच्या जाळीवर तळवा ठेवला.

‘‘तुला दिसला?’’

‘‘दिसला, सर.’’

‘‘मलाही वाटला. पण आता मी तो देऊ कसा? तू सांगितलास म्हणून दिला असंच होईल.’’

त्यांनी झेंड्याची पहिली खूण धरली. आऊट. वरच्या वाडीला १४. पुढची सर्व्हिस बंदरच्या पोराच्या मनगटावर आदळून थेट सुरूत गेली. १५-१३. कप वर गेला.

मी भोंग्याची वायर काढून ठेवली आणि बक्षीस समारंभ नुसता लाईव्हवर केला. कुवेतवाला विचारत होता, आवाज एवढा बारीक का झाला. मामाच्या घरी जेवायला गेलो नाही. जाण्यात अर्थ नव्हता.

अंधार पडल्यावर नेट सोडायला झेंडेवाला मुलगाच आला. मी दुसऱ्या खांबाशी गाठ सोडत होतो. खाऱ्या हवेने दोरी कडक झालेली, नखं लागत नव्हती.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘मी हात ठेवणारच होतो.’’

मी त्याच्याकडे बघितलं. ‘‘खरंच?’’

तो बराच वेळ गाठीशी झटत राहिला. ‘‘बहुतेक,’’ म्हणाला.