अंकांशिवायचा मागणी-पुरवठा आलेख एक्सेलमध्ये काढताना

अर्थशास्त्राच्या पुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या आकृतीवर बहुधा एकही अंक नसतो. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नगसंख्या, एक रेषा उतरणारी, दुसरी चढणारी आणि छेदनबिंदूपासून दोन्ही अक्षांपर्यंत गेलेल्या तुटक रेषा, इतकाच तिचा संसार. एक्सेलचे मात्र अंकांवाचून पान हलत नाही. त्यामुळे पुष्कळ शिक्षक ‘शेप्स’मधल्या रेषा माउसने ओढून ही आकृती जुळवतात. मला ती पद्धत पटत नाही. पुरवठा वक्र जरा डावीकडे सरकवला, की समतोल बिंदू, तुटक रेषा आणि अक्षरे असे सगळेच पुन्हा हाताने हलवावे लागते, आणि समतोल बिंदू खरोखर दोन्ही रेषांच्या छेदनबिंदूवरच आहे याची खात्री कोणीच देत नाही. त्यापेक्षा साधी समीकरणे घेऊन खरा आलेख काढावा आणि शेवटी अंक दृष्टीआड करावेत.

पहिली अडचण स्तंभांच्या क्रमाची असते. मागणी पत्रकात आपण किंमत आधी लिहितो आणि नगसंख्या नंतर. पण स्कॅटर आलेख, म्हणजे आकड्यांच्या जोड्या बिंदूंनी मांडणारा प्रकार, पहिला स्तंभ आडव्या अक्षावर नेतो, त्यामुळे आकृती आडवी पडते. किंमत उभ्या अक्षावर दाखवण्याची प्रथा आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथामुळे रूढ झाली आणि ती आजही पाळली जाते, म्हणून तक्त्यात नगसंख्येला पहिला मान द्यावा. ‘लाइन’ या नावाला भुलून लाइन चार्ट निवडू नये. त्याच्या लेखी आडव्या अक्षावरचे आकडे म्हणजे समान अंतरावर मांडलेली नुसती नावे असतात. सरळ रेषांचा स्कॅटर घ्यावा. वक्र हवा असेल तर चार बिंदू देऊन ‘स्मूद’वर विसंबण्यापेक्षा सूत्राने तीस-चाळीस बिंदू काढावेत, कारण मोजक्या बिंदूंतून एक्सेलने काढलेला वक्र मध्येच नको तिथे फुगतो.

आता खरा प्रश्न समीकरणांचा. समजा, पुरवठ्यासाठी ‘किंमत = नग + २’ आणि मागणीसाठी ‘किंमत = १० − नग’ घेतले, तर समतोल ४ नग आणि ६ रुपयांवर येतो. मागणीसाठी ‘किंमत = १८ − ३ × नग’ घेतले तरी समतोल तोच राहतो. अंक झाकल्यावर दोन्ही आकृत्या वरवर सारख्याच वाटतील, पण पुरवठ्यातील २ च्या जागी ६ लिहून पाहावे. पहिल्या आकृतीत नगसंख्या ४ वरून २ वर येते आणि किंमत ६ वरून ८ होते. दुसरीत नगसंख्या केवळ ३ पर्यंत उतरते, पण किंमत ९ वर पोहोचते. किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते, ती तिची लवचिकता. समतोलापाशी पहिल्या मागणीची लवचिकता १.५ आहे आणि दुसरीची अवघी ०.५. अवकाळी पावसाने पीक गेल्यावर लासलगावच्या बाजारात कांद्याचे काय होते हे समजावायचे असेल, तर पहिली आकृती चक्क दिशाभूल करते. कांदा महागला म्हणून घरातली फोडणी थांबत नाही, तेव्हा तिथे तीव्र उताराची, कमी लवचिक मागणीच हवी. अंक नसले तरी आकृती विधान करतच असते.

हा उतार टिकवायचा तर अक्षांच्या मर्यादा स्वतः ठरवणे भाग आहे. त्या स्वयंचलित सोडल्या तर एक्सेल दोन्ही मागणी रेषा चौकटीत जवळपास सारख्याच बसवते आणि लवचिकतेतला फरक नजरेला दिसेनासा होतो. वरील उदाहरणात आडवा अक्ष ० ते १० आणि उभा ० ते १८ असा दोन्ही आकृत्यांत कायम ठेवावा. मगच ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्ये लेबल आणि खुणा ‘नन’ कराव्यात, ग्रिडलाइन पुसाव्यात आणि अक्षाच्या टोकाला बाण द्यावा. अक्षच पुसून टाकला, तर बाण लावायला रेषाच उरत नाही.

तुटक रेषांसाठी तीन बिंदूंची वेगळी मालिका पुरते: उभ्या अक्षावरील समतोल किंमत, समतोल बिंदू आणि आडव्या अक्षावरील समतोल नगसंख्या. हे तिन्ही सूत्राने काढले, की पुरवठा सरकताच रेषाही आपोआप सरकतात. ‘मागणी’, ‘पुरवठा’ ही नावे प्रत्येक रेषेच्या केवळ शेवटच्या बिंदूला डेटा लेबल म्हणून द्यावीत. कोपऱ्यातल्या लेजंडकडे, म्हणजे रेषांच्या नावांच्या यादीकडे, पुन्हा पुन्हा पाहायला लावणे विद्यार्थ्यांना त्रासाचे होते.

आकड्यांचे स्तंभ लपवले, की आलेखही कोरा होतो, कारण एक्सेल मुळात लपलेल्या स्तंभांतील माहिती आलेखात घेत नाही. ‘सिलेक्ट डेटा’मधील लपलेल्या व रिकाम्या सेलच्या पर्यायात ती दाखवण्याची खूण करावी. टिपणात चिकटवताना मात्र आकृती चित्र म्हणूनच चिकटवावी, आणि वर्गात शिकवताना मूळ पत्रक उघडून पुरवठ्याचा तो एकच अंक विद्यार्थ्यांना बदलू द्यावा.