डावीकडची पट्टी

पंचवटीत निमाणीजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, दशक्रियेची कार्डं. सकाळी बाबा बसतात, दुपारनंतर मी. बाबांचा टास्कबार, म्हणजे स्टार्ट बटण आणि उघड्या प्रोग्रामचे आयकॉन असलेली पट्टी, पहिल्यापासून डाव्या कडेला उभा. पत्रिका उभी, स्क्रीन आडवा. रुंदीत जागा उरते, उंचीत कमी पडते. आमचा मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा. विंडोज ११ ची खालची पट्टी त्यातले ४८ पिक्सेल खाते. वर कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामचे मेनू, टूलबार, रूलर. उरलेल्या फटीत ए-फोर पान सारखं वर-खाली ढकलत बसायचं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार म्हणून दसऱ्याला नवा सीपीयू घेतला. त्यात विंडोज ११. पट्टी धरून डावीकडे ओढायची सोयच नव्हती! सेटिंगमध्ये आयकॉन मधे हवेत की डावीकडे, एवढंच विचारत होते. बाबा काही बोलले नाहीत, पण दर दोन मिनिटांनी त्यांचा माऊस डाव्या कडेला जायचा आणि रिकामा परत यायचा. ते बघवेना.

आधी रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतला, जुना उपाय करून पाहिला. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या दिवसांत एक आकडा बदलला की पट्टी वर जायची. आमच्या मशीनवर काहीच फरक पडला नाही. मग एक पॅचर, म्हणजे विंडोजचं रूप बदलणारा बाहेरचा प्रोग्राम, टाकला. जुना, विंडोज १० चा टास्कबार परत आला, डावीकडे गेला, बाबा खूश. गडबडीत रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत नेणारी नोंद) केला नाही. ही चूक माझीच.

तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांची गर्दी सुरू झाली. एका सकाळी बाबांचा फोन. "अरे, रात्री अपडेट झालं वाटतं. स्क्रीन नुसता लुकलुकतोय, काही उघडत नाही." अकरा वाजता एका वधूचे वडील प्रूफ बघायला येणार होते. पत्रिका त्याच मशीनवर.

जाऊन पाहिलं तर पट्टी एक क्षण दिसायची, जायची, परत दिसायची. एक्सप्लोरर, म्हणजे पट्टी आणि डेस्कटॉप दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, सुरू होऊन लगेच कोसळत होता. पण कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडला आणि जीव भांड्यात पडला. कारण मशीन धड होतं, फक्त वरचा पडदा फाटला होता. टास्क मॅनेजरमधून 'रन न्यू टास्क', तिथे सीएमडी (हुकूम टाइप करायची काळी खिडकी), आणि अॅडमिनच्या हक्काची खूण. बाबांच्या फायली आधी पेनड्राइव्हवर कॉपी केल्या. मग मुळाशी गेलो.

त्या पॅचरने विंडोजच्या फोल्डरमध्ये आपली एक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाइल) ठेवली होती. एक्सप्लोररची फाइलही त्याच फोल्डरमध्ये असते आणि प्रोग्राम अशी फाइल आधी आपल्या शेजारी शोधतो. शेजारी सापडली की विंडोजच्या आतल्या सिस्टम-३२ फोल्डरमधल्या त्याच नावाच्या खऱ्या फाइलपर्यंत तो जातच नाही. रात्री एक्सप्लोरर बदलला, शेजारची फाइल जुनीच राहिली, म्हणून रोज चालणारी गोष्ट अडली. एक्सप्लोरर बंद केला, त्या डीएलएलचं नाव बदललं, एक्सप्लोरर पुन्हा चालू केला. पट्टी आली. खाली, पण स्थिर. एक मात्र कळकळीने सांगतो: सिस्टम-३२ मधल्या फाइलला हात लावू नका. दोन्हींचं नाव एकच असतं, घाईत चुकायला वेळ लागत नाही.

प्रूफ वेळेवर दाखवलं. वधूच्या मामांचं आडनाव चुकलं होतं, तेही तिथेच दुरुस्त झालं.

त्या रात्री पुन्हा बसलो, या वेळी शांतपणे. सी ड्राइव्हचं सिस्टम प्रोटेक्शन, ज्यावर रिस्टोअर पॉइंट चालतात, बंदच होतं. ते चालू करून रिस्टोअर पॉइंट केला. मग विंडहॉक नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट आहे. त्यात छोटे छोटे मॉड, म्हणजे विंडोजमध्ये एकेक बदल करणारे तुकडे, असतात, त्यातला उभ्या टास्कबारचा घेतला. तो एक्सप्लोरर मेमरीत चालू असतानाच त्यात बदल करतो, विंडोजच्या फायली तशाच राहतात, आणि पटलं नाही तर एका क्लिकवर बंद. प्रत्येक मॉडचा कोडही तिथेच वाचता येतो, हे मला सगळ्यात आवडलं.

जाता जाता राइट-क्लिकचा जुना मेनूही आणला. प्रेसला फाइल द्यायची म्हणजे 'सेंड टू' करून पेनड्राइव्ह, आणि ११ मध्ये ते 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे दडलंय. रजिस्ट्रीत आपल्या यूजरपुरती एक रिकामी नोंद केली की झालं. ती पुसली की नवा मेनू परत. ज्यांना रजिस्ट्रीत शिरायचं नाही त्यांनी शिफ्ट धरून राइट-क्लिक करावं, तोच मेनू येतो.

आता मोठं अपडेट दिसलं की मी आधी मॉड बंद करतो, अपडेट होऊ देतो, मग चालू करतो. कीबोर्डखाली एका कागदावर टास्क मॅनेजरची ती पायरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीय, बाबांसाठी. त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, अगरबत्ती लावली, खुर्चीत बसले आणि न बघता माऊस डावीकडे नेला.