सह्यांच्या वरची जागा

सोमवारी दुपारी तीनला ताई ग्रामपंचायतीत आल्या. अभिलेख पाहायला या, असं पत्र ग्रामसेवक म्हणून मीच पाठवलं होतं. टेबलावर तीन गोष्टी काढून ठेवल्या होत्या: ग्रामसभेची नोटीस विषयपत्रिकेसह, उपस्थिती नोंदवही आणि इतिवृत्ताची वही, जिला गावात सगळे प्रोसिडिंगच म्हणतात.

हा त्यांचा माहिती अधिकारातला दुसरा अर्ज. मी रुजू होण्याआधी दिलेल्या पहिल्या अर्जात त्यांनी विचारलं होतं, 'मंजूर रस्ता आमच्या वस्तीवरून न नेता पलीकडून का वळवला?' उत्तर गेलं, 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.' नियमाला धरून होतं, पण अपुरं होतं. माहिती अधिकारात कागदावर असलेली नोंद मिळते, कारणांचा खुलासा नव्यानं लिहून द्यावा लागत नाही, हे खरं. पण अर्ज नीट लिहिता येत नसेल तर वाजवी मदत करणं हे कलम ५(३) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याचं काम आहे आणि ग्रामपंचायतीत तो अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्याचं पदनाम २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालं. 'का'च्या जागी 'कोणत्या ठरावाने' एवढं बदललं की तोच प्रश्न नोंदीपाशी येतो. दुसरा अर्ज आम्ही तसाच केला. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मागणी होती मूळ अभिलेख पाहण्याची, आणि पाहून झाल्यावर हव्या त्या पानांच्या साक्षांकित प्रतींची. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून पोच दिली. तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे.

इतिवृत्ताची वही मात्र तेव्हा कपाटात नव्हती. कार्यभार यादीत होती, जागेवर नव्हती. 'सापडत नाही' असं लिहून मोकळं होणारे मी पाहिले आहेत. पण माहिती नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत, आणि 'गहाळ' हे त्यांत कुठेच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे तर अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सगळं लिहून वही जिथं असण्याची शक्यता होती तिथं पत्र दिलं. चौथ्या दिवशी वही आली. सहीसाठी घरी नेलेली आणि तिथंच राहिलेली.

ताईंनी आधी नोटीस वाचली. विषय सात. पहिला नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग उपस्थिती नोंदवही. मूळ तारखेला गणपूर्ती झाली नव्हती. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात, तेवढी नव्हती. म्हणून सभा तहकूब झाली आणि पुढच्या तारखेला भरली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पण तिथं जुन्याच विषयपत्रिकेवर चर्चा करायची असते, ऐनवेळचा नवा विषय घेता येत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर फिरलं.

मग वही उघडली. ठराव क्रमांक एक ते सात, निळ्या शाईत, मोकळ्या अक्षरात, ओळीला ओळ सोडून. सातव्याखाली सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर'. त्याच्या खाली आठवा ठराव: रस्त्याच्या आखणीत बदल करण्यास मान्यता. शाई काळी, अक्षर बारीक, दोन छापील ओळींच्या मधल्या जागेतही एक ओळ कोंबलेली. शेवटचा शब्द अध्यक्षांच्या सहीच्या वेलांटीवर चढलेला. सही आधीची, शब्द नंतरचा, हे पान खिडकीपाशी तिरकं धरल्यावर स्वच्छ दिसत होतं.

"भाऊसाहेब, मी शेवटपर्यंत बसले होते," ताई म्हणाल्या. "सात ठराव वाचले. आठवा वाचलाच नाही."

काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये निळी आणि काळी शाई सारखीच दिसते, म्हणून मूळ वही पाहण्यावर माझा भर असतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) प्रमाणे अभिलेख पाहणं, टिपणं घेणं, साक्षांकित प्रत घेणं हा हक्क आहे आणि पाहण्याचा पहिला तास मोफत असतो. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानं स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी तीन ते पाच या वेळेत, अर्ज न करताही, अभिलेख पाहता येतात. गावात हे फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

ठराव खोटा आहे असं मी म्हणालो नाही. तो निर्णय देणं माझ्याकडे नाही. पण जे दिसलं ते लिहून ठेवणं माझ्याकडे होतं. अभिलेख पाहणीची नोंद केली: पान क्रमांक, सातव्या ठरावाची शाई, आठव्याची शाई, विषयपत्रिकेवर विषय नसणे, दोघांच्या सह्या, वेळ. ताईंना पानाचा रंगीत फोटो काढू दिला. चार पानांच्या साक्षांकित प्रती दिल्या, दोन रुपये पानाप्रमाणे आठ रुपये, पावतीसह. त्याच संध्याकाळी गटविकास अधिकाऱ्यांना अहवाल पाठवला आणि वही कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली.

अशी जागा राहते कशी? बहुतेक वेळा खोटेपणा नंतर येतो, आधी असते घाई. सभेत मुद्दे सुट्या कागदावर टिपले जातात, वहीत सह्या अंदाजाने खाली घेतल्या जातात आणि मजकूर 'निवांत' लिहू म्हणून राहतो. ती मोकळी जागा कोणालाही हाताशी मिळते. आता मी वही वापरात घेण्याआधी सगळ्या पानांना क्रमांक घालतो, पहिल्या पानावर एकूण पानांचा दाखला लिहितो आणि ठराव सभेतच लिहून वाचून दाखवतो. शेवटच्या शब्दाखाली लगेच आडवी रेघ, उरलेल्या जागेवर तिरकी रेघ, मग सह्या.

पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय आला, मागील इतिवृत्त कायम करणे. या विषयाला बहुतेक जण 'मंजूर, मंजूर' म्हणून पुढं जातात. मी आठही ठराव सावकाश वाचले. आठव्याला ताई उठल्या, हातात साक्षांकित प्रत आणि नोटिशीची प्रत. त्यांच्यामागे आणखी बायका उठल्या. आठवा ठराव वगळून इतिवृत्त कायम झालं, हरकत शब्दशः लिहिली, वाचून दाखवली, आणि तिच्याखाली रेघ मारली. चौकशी पंचायत समितीकडे सुरू आहे. रस्त्याचं काम अजून सुरू झालेलं नाही. मोजमाप पुस्तकात त्या कामाचं एकही माप चढलेलं नाही.