नारिताहून निघताना विमानातला खाऊ

टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर विमानासाठीचा खाऊ मी सुरक्षा तपासणीच्या अलीकडेच, सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसन या साखळी दुकानांत घेतो. भाव जवळपास शहरातलेच. टर्मिनल 3 वरून सुटणाऱ्या स्वस्त विमानांत जेवण सहसा तिकिटात धरलेलं नसतं, म्हणून ही खरेदी चुकवू नये.

आधी सगळी नाणी एका खिशात काढतो. परत आल्यावर चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाणी नाही. सेव्हन-इलेव्हनच्या पैसे भरायच्या यंत्रात मूठभर नाणी एकदम टाकली की ते स्वतः मोजतं. सुइका कार्डात (आधी पैसे भरून रेल्वेत आणि दुकानांत वापरायचं कार्ड) थोडे येन उरले असतील तर ‘आधी कार्ड, बाकी रोख’ असं आधीच सांगावं. खाणं बरोबर नेलं तर कर 8 टक्के, तिथेच बसून खाल्लं तर 10. पिशवीचे पैसे वेगळे.

लांबच्या प्रवासाला ओनिगिरीसारखं (सारण भरलेला, शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेला भाताचा गोळा) काही नाही. शाकाहारी माणसानं उमे (खारवलेलं आंबट फळ), कोंबु (समुद्री शेवाळ) किंवा नुसत्या मिठाची पाहावी. मात्र उमे-कोंबुतही माशाचा अर्क असू शकतो, म्हणून वेष्टनावरची घटकांची यादी फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून वाचतोच. करी भरलेल्या पावात बहुधा मांस असतं, नावावर जाऊ नये.

ओनिगिरीच्या वेष्टनावर 1, 2, 3 आकडे असतात. 1 ची पट्टी टोकापासून खाली ओढून मागून पूर्ण फिरवायची, मग 2 आणि 3 चे कोपरे बाजूला ओढायचे. भात आणि नोरी (ती शेवाळाची पापडी) यांच्यामध्ये पातळ प्लास्टिक असतं, त्यामुळेच नोरी कुरकुरीत राहते. आधी कोपरा ओढला तर नोरी फाटून प्लास्टिकमध्येच अडकते. ओनिगिरी बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवू नये, भात टणक होतो.

लेबलवर तारखेबरोबर तासही छापलेला असतो. ‘समोरचं आधी घ्या’ अशी विनंतीची पाटी दिसते. लगेच खाणाऱ्यानं ती जरूर पाळावी, पण सात-आठ तासांनी खायचं असेल तर मी उशिराचा तास बघूनच घेतो. अंड्याचं सँडविच त्याच कारणानं विमानात बसण्याआधीच संपवतो.

पाणी, दही, पुडिंग, जेली इथे घेऊ नये. आंतरराष्ट्रीय तपासणीत 100 मिलिलिटरवरचं कुठलंही द्रव आत नेऊ देत नाहीत, आणि पुडिंगही त्यात मोडतं. रिकामी बाटली न्यावी आणि आत गेल्यावर नळावर भरावी. हातातल्या सामानाची 7 किलोची मर्यादा काटेकोर पाळणाऱ्या कंपन्यांच्या काट्यावर भरलेली अर्ध्या लिटरची बाटलीही जाणवते.